आरामाचं बिल कोणाच्या नावावर?

ऑस्ट्रेलियातल्या समुद्रकाठच्या एखाद्या लहान गावात जाऊन चार दिवस नुसतं लोळावं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी ते निदान सहा महिने आधी मनात आणावं. हे वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. लोळायला कसली आलीय तयारी? सहलीचं ठीक आहे. ‘सहा-सात-आठ’, म्हणजे सहाला उठणे, सातला नाश्ता आणि आठला बस, हे सूत्र ज्या समाजाला तोंडपाठ आहे, त्याला सहलीचं नियोजन म्हटलं की हुरूपच येतो. पण आराम हा करायचा असतो, ठरवायचा नसतो, अशी आपली पक्की समजूत. या समजुतीत खोट नाही, फक्त ती अर्धीच खरी आहे. आरामाला नियोजन आपल्याकडेही लागतं. ते दुसरं कुणीतरी करतं, न सांगता करतं, उभ्या उभ्या करतं आणि बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून करतं. त्यामुळे ज्याला आराम मिळतो त्याला तो झाडावर पिकल्यासारखा वाटतो. ऑस्ट्रेलियातल्या गावात अडचण एवढीच होते, की हे ‘दुसरं कुणीतरी’ स्वतःच सुट्टीवर गेलेलं असतं. मग त्याच्या वाटणीचं काम आपल्या गळ्यात पडतं, आणि आरामाला किती काम लागतं हे आयुष्यात पहिल्यांदा कळतं.

उदाहरणादाखल लॉर्न घेऊ. व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे गाव मेलबर्नपासून सुमारे १४० किलोमीटरवर, मोटारीनं दोनेक तासांवर आहे. पाठीशी ओटवेचं जंगल, समोर समुद्र, समुद्राला मिळणारी अर्स्किन नावाची छोटीशी नदी, एक धक्का आणि एका रस्त्याला लागून ओळीनं दुकानं, एवढाच पसारा. कायमची वस्ती दीड हजारही नाही. मेलबर्नला लेकाकडे किंवा लेकीकडे राहायला आलेल्या मराठी आई-बाबांना हे गाव कधी ना कधी दाखवलं जातंच, कारण टार्नेट, पॉइंट कुक ही भारतीयांनी गजबजलेली उपनगरं मेलबर्नच्या पश्चिमेला आहेत आणि या किनाऱ्याची वाटही तिकडूनच जाते. मुंबईशी लॉर्नचं नातं मात्र त्याहून जुनं. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग १८९१ साली इथं येऊन गेले आणि पुढे एका कवितेत त्यांनी अर्स्किनला जागाही दिली. त्या काळी किनाऱ्यानं रस्ताच नव्हता. जंगलातून घोडागाडीत हाडं खिळखिळी करून घेत यावं लागे, आणि एवढं सोसून येणाऱ्याला खोली शिल्लक आहे का, हा प्रश्न फारसा पडत नसावा. पुढे १९१९ ते १९३२ या काळात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी कुदळ-फावड्यांनी डोंगर फोडून ग्रेट ओशन रोड बांधला. युद्धात कामी आलेल्या सोबत्यांचं ते स्मारक. लॉर्नपर्यंतचा टप्पा १९२२ सालीच खुला झाला. दुर्गम गाव दोन तासांवर आलं, आणि आता पन्नास लाखांच्या शहराला एकाच दिवशी तिथं जावंसं वाटतं.

तो दिवस नेमका कोणता, हे समजून घेणं हा आरामाचा पहिला अभ्यासक्रम. तिकडे ऋतू आपल्या उलट. डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. शाळा नाताळच्या आधी बंद होतात त्या जानेवारी सरता सरता उघडतात. कायम नोकरीत असलेल्यांना वर्षाला चार आठवडे भरपगारी रजा कायद्यानंच मिळते आणि तिचा मोठा तुकडा बहुतेक जण याच दिवसांत मोडतात. जानेवारीतल्या एका शनिवारी तर लॉर्नच्या धक्क्यापासून पबसमोरच्या किनाऱ्यापर्यंत १.२ किलोमीटर पोहण्याची शर्यत असते. तिची नोंद गिनेस बुकात झालेली आहे, हजारो लोक पाण्यात असतात आणि त्यांचे नातेवाईक काठावर. त्या आठवड्यात ‘बघू, तिथं गेल्यावर एखादी खोली मिळेलच’ असं म्हणणारा माणूस रात्री मोटारीत झोपतो, किंवा खरं तर झोपतही नाही, कारण किनाऱ्यालगत मोटारीत झोपायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे. भाड्याची घरं या दिवसांत चार-सहा रात्रींच्या खाली द्यायला मालक तयार नसतात. किनाऱ्यावरच्या बऱ्याच कॅराव्हॅन पार्कांत मागच्या वर्षी ज्यांचा तंबू होता त्यांनाच आधी विचारण्याची रीत आहे. त्यामुळे काही कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच झाडाखाली, त्याच नळाजवळ, त्याच शेजाऱ्यांसोबत सुट्टी काढतात. आपल्याकडे वहिवाट जमिनीची असते, तिकडे ती लोळण्याच्या जागेचीही असते. बाहेरून येणाऱ्यानं या वहिवाटीच्या आड न येता फट शोधायची. ती फट फेब्रुवारीत सापडते. शाळा सुरू झालेल्या, समुद्र उन्हाळाभर तापून त्यातल्या त्यात कोमट झालेला आणि गाव थोडं सैलावलेलं. मार्चही चांगला, फक्त दुसऱ्या सोमवारी कामगार दिनाची सुट्टी असते तो शनिवार-रविवार सोडून.

यावर हिशेबी वाचक विचारेल, मग सरळ जुलैत का जाऊ नये? घरं स्वस्त, गर्दी नाही, आरक्षणाची कटकट नाही. जावं, जरूर जावं. फक्त आपण समुद्रकाठी कशाला चाललो आहोत, हे स्वतःला विचारून घ्यावं. जुलैत तिथं हिवाळा असतो. दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याला अंटार्क्टिकाहून निघाल्यावर वाटेत अडवणारं फारसं कुणी भेटलेलं नसतं आणि पाऊस आडवा येतो. संध्याकाळी पाच-साडेपाचलाच अंधारून येतं. काही खानावळी आठवड्यातले दोन-तीन दिवसच उघडतात आणि काहींचे मालक त्याच महिन्यात स्वतःच्या सुट्टीसाठी बालीला किंवा क्वीन्सलंडला गेलेले असतात. म्हणजे गर्दी टाळायची तर ज्यासाठी जायचं तेही टळतं. शेकोटी, पुस्तक आणि खिडकी एवढ्यावर ज्याचं भागतं त्याला जुलै स्वर्गच. पण एरंडाच्या गुऱ्हाळासारखं चालणाऱ्या कौटुंबिक चर्चेत असा एखादाच निघतो आणि त्याला मत नसतं.

आता गावाच्या दिवसाकडे वळू, कारण मराठी माणसाची खरी गाठ तिथं पडते. कॅफे सकाळी सात वाजता उघडतो, कधी त्याच्याही आधी, आणि दुपारी तीनच्या सुमारास खुर्च्या टेबलांवर उलट्या चढतात. दुपारची झोप काढून, तोंड धुऊन, साडेचारला ‘चला, कुठंतरी मस्त कॉफी घेऊ’ असं म्हणत निघालेली मंडळी बंद दारावरची पाटी वाचून परततात. रात्रीचं जेवण सहाला सुरू होतं आणि आठ-साडेआठला स्वयंपाकघर बंद होतं. दारू नंतरही मिळेल, पण भात मिळणार नाही. जेवायचं कुठं याचा विचार आपल्याकडे जिथं सुरू होतो तिथं त्यांचा स्वयंपाकी ओटा पुसून घरी गेलेला असतो. रविवारी आणि सणासुदीला बिलावर दहा-पंधरा टक्के जादा आकारतात आणि तसं पाटीवर लिहूनही ठेवतात. त्यावर आपला पहिला प्रश्न असतो, ‘गिऱ्हाईक येणार त्याच दिवशी जास्त?’ हो, त्याच दिवशी. कारण त्या दिवशी वाढपी मुलगी तिची सुट्टी सोडून आलेली असते आणि कायदा तिला त्याचे जादा पैसे देतो. २०२४ च्या जुलैपासून तिथलं किमान वेतन तासाला २४ डॉलर १० सेंट होतं. एवढ्या दरानं नऊनंतर उगाच कुणाला ताटकळत ठेवणं मालकाला परवडत नाही, आणि त्याला परवडलं तरी ती थांबेलच असं नाही. हा हेका अलीकडचा नव्हे. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा कामाचा दिवस मिळवला. आठ तास काम, आठ तास मौज, आठ तास विश्रांती, असा तो हिशेब. त्याची आठवण म्हणून मेलबर्नमध्ये ८-८-८ असे आकडे मिरवणारा एक स्तंभ उभा आहे. ज्या लोकांनी निवांतपणासाठी संप केला, त्यांचा निवांतपणा वक्तशीर असणारच.

‘पण तिथले लोक तर किती मोकळेढाकळे असतात,’ असा आक्षेप येतो. अनवाणी दुकानात जातात, अनोळखी माणसाची हसून चौकशी करतात, कशाचंही टेन्शन घेत नाहीत. सगळं खरं. मात्र ज्याचा तंबू गेल्या वर्षीच ठरला आहे, ज्यानं जेवणाचं टेबल पंधरा दिवसांपूर्वी सांगून ठेवलं आहे आणि जो सकाळी सहाला पोहून आला आहे, त्याला अनवाणी फिरायला काहीच हरकत नसते. तो मोकळा दिसतो कारण त्याची सगळी कामं आटोपलेली असतात. आपण त्याचे अनवाणी पाय तेवढे बघतो आणि आरक्षणाची पावती बघत नाही. आपल्या कोकणात याच्या नेमकं उलट चित्र असतं. गुहागर किंवा हर्णैला रात्री आठ वाजता बारा माणसांचा जथा एखाद्या घरगुती खानावळीत शिरतो, चौघांना मासे, पाच जणांना शाकाहारी, दोघांना संकष्टी असल्यामुळे भगर, आणि एकाला ‘काहीही चालेल, पण गरम हवं’. घरमालकीण पदर खोचते आणि दीड तासात पानं वाढते. जथा तृप्त होऊन म्हणतो, ‘किती निवांत आहे हो तुमच्याकडे!’ त्या घरात त्या घटकेला निवांत एवढाच तो जथा असतो. नियोजन इथंही झालेलंच असतं. सहा महिन्यांचं काम त्या बाईंनी दीड तासात उरकलेलं असतं, एवढाच फरक.

समुद्राचंही तसंच. लॉर्नच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतात तेव्हा वाळूत लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले दिसतात, आणि पोहायचं ते या दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात. लाटांमधून परत समुद्राकडे जाणारा ओढ्यासारखा प्रवाह कुठं आहे हे पाहून जीवरक्षक झेंड्यांची जागा बदलतात. हा ओढा वरून अगदी शांत दिसतो, लाटा तिथं फुटत नाहीत, म्हणून नवखा माणूस नेमकी तीच जागा पसंत करतो. झेंड्यांपाशी उभी असलेली बरीचशी मंडळी स्वयंसेवक असतात आणि त्यांचीही वेळ ठरलेली असते. वेळ संपली की झेंडे गुंडाळून निघतात. ऊन हे आणखी एक खातं. १९८१ साली तिथल्या कर्करोग प्रतिबंधाच्या एका जाहिरातीत एका कार्टून सीगल पक्ष्यानं गाऊन सांगितलं, की अंगात शर्ट चढवा, मलम फासा, टोपी घाला. ते गाणं आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीला पाठ आहे. यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘आम्ही सोलापूरचे, आम्हाला कसलं ऊन लागतंय?’ सोलापूरचं ऊन आधी दम देतं, मग भाजतं. लॉर्नचं ऊन गार वाऱ्याच्या आडून भाजतं. बावीस-तेवीस अंश तापमानात अंगावर स्वेटर चढवावासा वाटत असतो आणि तेव्हाच अतिनील निर्देशांक दहाच्या वर गेलेला असतो. तो तीनवर पोचला की त्वचा सांभाळा असा तिथला सल्ला आहे, आणि हवामानाच्या अंदाजात पावसाच्या जोडीला तोही छापतात. राहता राहिलं पाणी. ते फेब्रुवारीतही वीस अंशांच्या आसपास असतं. अलिबागच्या कोमट पाण्यावर वाढलेल्या शरीराला त्यात उतरायचं म्हणजे आधी घोटे, मग गुडघे, मग बराच वेळ क्षितिजाकडे बघणे, असा क्रम असतो. तो तिसऱ्या टप्प्यावर संपला तरी कुणी हसत नाही.

एवढे झेंडे, वेळा आणि निर्देशांक पाळायचे तर त्यात आराम कुठं राहिला, असं कुणी विचारलं तर त्याला आपल्या किनाऱ्यावरचं चित्र आठवावं लागेल. आपल्याकडे पोरं पाण्यात असतात तेव्हा काठावर एक आई उभी असते. तिच्या एका हातात सगळ्यांच्या चपला, दुसऱ्या हातात पाकिटं, आणि तोंडानं ‘पुढे जाऊ नकोस’ हा अखंड जप. झेंडे तीच, जीवरक्षक तीच आणि निर्देशांकही तीच. सहलीच्या फोटोंत ती दिसत नाही, कारण तिला पाणी सोडून दुसरीकडे बघायला फुरसत नसते. दोन झेंडे रोवले की या बाईंना बसता येतं. नियमांनी सगळ्यांचा आराम थोडा थोडा कापला खरा, पण जिला तो कधीच मिळत नव्हता तिच्या वाट्याला एक खुर्ची आली. हा सौदा महाग म्हणता येणार नाही.

जेवणाचा प्रश्न मात्र झेंड्यांनी सुटत नाही, आणि मराठी सहलीचा पाया तोच. घरून खाऊ नेण्याचा मार्ग विमानतळावरच अरुंद होतो. ऑस्ट्रेलियात शिरताना सामानात खायचं काय काय आहे हे लेखी जाहीर करावं लागतं. दुधाचे पदार्थ, बिया, ताजी फळं आणि पानं यांच्याबाबत अधिकारी फार कडक असतात. जाहीर केलं आणि त्यांनी काढून घेतलं, तर पेढ्यांचं नुकसान. लपवलं आणि सापडलं, तर जागच्या जागी जबर दंड आणि वर व्हिसालाही धोका. म्हणून ‘एवढुशा लोणच्याला काय विचारतात’ हे वाक्य विमानात बसण्याआधीच विसरावं. पुढचा सगळा बंदोबस्त तिथल्या दुकानांतून करायचा, आणि त्यासाठी तिथली सर्वांत लोकशाही वस्तू कामाला येते, ती म्हणजे किनाऱ्यावरच्या हिरवळीवरची सार्वजनिक बार्बेक्यू. कमरेएवढ्या कट्ट्यात बसवलेला पोलादी तवा, बाजूला एक बटण. बटण दाबलं की दिवा लागतो, पाचेक मिनिटांत तवा तापतो आणि ठरावीक वेळानं आपोआप बंद होतो. पुन्हा दाबायचं. पैसे नाहीत, चौकीदार नाही, पावती नाही. आपलं झालं की तवा पुसून पुढच्यासाठी ठेवायचा, हा एकच अलिखित नियम. आता आधीच्या कुटुंबानं त्याच तव्यावर सॉसेज परतलेले असतात आणि आपल्याबरोबर शाकाहारी मावशी असतात. तर मराठी कुटुंबं आधी कागदानं तवा दोनदा पुसतात, मग त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर अंथरतात, वर कांदा, मक्याची कणसं, पनीर मांडतात, आणि मावशी तरीही कोपऱ्यातलाच तुकडा घेतात. एवढ्यात कठड्यावर पिवळ्या तुऱ्याचा पांढरा काकाकुवा येऊन बसतो. लॉर्नमध्ये हे पक्षी थव्यानं राहतात. घरांच्या लाकडी कठड्यांच्या ते चोचीनं चिरफळ्या करतात, आणि ताटातलं उचलायला परवानगी मागत नाहीत. मान तिरकी करून तो फॉइलकडे बघतो, आणि सगळ्या नियोजनात पहारा कुणी करायचा हे ठरवायचं राहून गेल्याचं तेव्हा लक्षात येतं.

आता सर्वांत रुबाबदार आक्षेप. ठरवून केलेल्या सुट्टीत मजा नसते, खरा आनंद अवचित मिळतो, असं मानणारा एक वर्ग आहे. हा वर्ग सहसा स्वतः आरक्षण करत नाही. त्यांच्या बाजूचा पुरावाही याच रस्त्यावर सापडतो आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९२४ साली रस्त्याचं काम चालू असताना ‘कसिनो’ नावाची आगबोट लॉर्नच्या पुढच्या केप पॅटनजवळ खडकावर आदळून अडकली. बोट हलकी करण्यासाठी बिअरची ५०० पिंपं आणि दारूच्या १२० पेट्या समुद्रात लोटाव्या लागल्या. माल किनाऱ्याला लागला, कामगारांनी तो ताब्यात घेतला आणि पुढचे दोन आठवडे ग्रेट ओशन रोडचं काम बंद राहिलं, असं सांगतात. अवचित सुट्टीचं याहून देखणं उदाहरण नाही. पण त्यासाठी एक अख्खं जहाज खडकावर चढावं लागलं, हेही नोंदवायला हवं. अशा योगावर ज्यांची भिस्त असेल त्यांनी आरक्षण करू नये. बाकीच्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की अवचितपणाला तिथं दुसरी बाजू आहे. २०१५ साली ऐन नाताळच्या दिवशी ओटवेच्या जंगलातला वणवा किनाऱ्याकडे सरकला. वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक या शेजारच्या वस्त्यांमधली ११६ घरं जळाली आणि सुट्टीसाठी भरलेलं लॉर्न रिकामं करावं लागलं. फोनवर आणीबाणीच्या सूचनांचं ॲप घ्यावं आणि बाहेर पडायचा रस्ता कोणता हे पहिल्याच दिवशी बघून ठेवावं, हा सल्ला भित्र्या माणसाचा नाही. तिथले रहिवासी रोजच हे करून मग अनवाणी फिरतात.

उरतो तो घरातलाच विरोधी पक्ष. त्याचं म्हणणं, एवढ्या लांब आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ. त्याच्यासाठी मेलबर्नहून एका दिवसात सगळा किनारा दाखवणाऱ्या बसगाड्या आहेतच. बारा-तेरा तासांत स्मारकाची कमान, लॉर्न, गाडी थांबवून झाडावरचा कोआला, अपोलो बे, ट्वेल्व्ह अपॉसल्स, आणि अंधारात परत. लॉर्नच्या वाट्याला यात पाऊण तास येतो, आणि त्यातला अर्धा स्वच्छतागृहाच्या रांगेत जातो. शिवाय यादीचा भरवसा धरावा तर खुद्द अपॉसल्सच हिशेबाला पक्के नाहीत. नावात बारा असले तरी चुनखडीचे ते सुळके बारा कधीच नव्हते, आणि २००५ च्या जुलैत त्यांतला एक पर्यटकांच्या डोळ्यांदेखत काही क्षणांत कोसळला. पुढच्या ‘लंडन ब्रिज’ नावाच्या खडकाची किनाऱ्याकडची कमान १९९० च्या जानेवारीत पडली, तेव्हा पलीकडे गेलेले दोघे जण तिथंच अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरनं आणावं लागलं. सगळं बघून घेण्याचा यापेक्षा पूर्ण अनुभव मिळणं कठीण. थट्टा बाजूला ठेवली तरी या विरोधी पक्षाचा मुद्दा फेटाळता येत नाही. विमानाचं तिकीट लाखाच्या घरात गेलेलं असताना वाळूत पडून राहणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून काय बघायचं नाही, हेही निघण्यापूर्वीच ठरवावं लागतं, आणि तेही मतदानानं. अपॉसल्ससाठी एक दिवस वेगळा काढून द्यावा, तो दिवस संपला की यादीही संपली असं सर्वांकडून कबूल करून घ्यावं, आणि लॉर्नच्या मुक्कामात ‘इथून जवळच काय आहे’ हा प्रश्न विचारणाऱ्यावर भांडी घासायची पाळी टाकावी.

एवढं सगळं केल्यावर हाती काय लागतं, असा शेवटचा प्रश्न उरतो. सहा महिने आधीचं घर, पंधरा दिवस आधीचं टेबल, फॉइल, मलम, टोपी, ॲप, झेंड्यांच्या वेळा, एवढ्या खटाटोपातून मिळतात ते चार मोकळे दिवस. सुट्टीत माणसाला थकवतात ते चालणं आणि पोहणं नसतंच. आता काय करायचं, जेवायचं कुठं, कुणी थांबायचं, कुणी आणायला जायचं, हे तासातासाला पडणारे प्रश्न थकवतात, आणि ते कुणा एकाच्याच डोक्यावर पडतात. लॉर्नसारखं गाव ते सगळे प्रश्न आधीच विचारून घेतं आणि मोठ्या माणसांनाही त्यांची उत्तरं द्यायला लावतं. जी कामं आपल्या घरात एकटी आई, वहिनी किंवा ती खानावळवाली बाई मुकाट्यानं ओढते, ती तिथं यादीत लिहावी लागतात, आणि यादीत आली की वाटून घ्यावी लागतात. हा आपल्याला शिकवलेला शिष्टाचार नव्हे. तासाला चोवीस डॉलरच्या हिशेबात दुसरा इलाज राहत नाही, एवढंच. पण कारण काहीही असो, त्या चार दिवसांत पहिल्यांदाच सगळं कुटुंब एकाच वेळी बसलेलं असतं.

हे शिकायला ऑस्ट्रेलियाच गाठावं असंही नाही. पुढच्या वेळी गुहागरला निघाल्यावर सकाळीच फोन करून ‘आम्ही बारा जण, चार मासे, बाकी शाकाहारी, भगर दोन, बरोबर साडेसातला’ असं सांगून बघावं. खानावळीच्या बाईंचा आधी विश्वास बसणार नाही. मग त्या साडेसातला पानं मांडून ठेवतील, आणि वाटेत आणखी एक देऊळ लागल्यामुळे आपण पावणेनऊला पोचू. तरी फोन करावाच. पाथरवटांचंही सगळं एका दिवसात झालं नसेल.